आई-बाळ मासळी पॅक: रिपोर्टमध्ये मासा कुठाय?

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण त्यांचा मासा मुळीच वाईट नाही आणि मला कोणाशी भांडण नकोय, पण घरात कोणी पोटुशी असेल आणि तुम्ही "लॅब टेस्टेड, हेवी मेटल फ्री" असं वाचून हजार बाराशे रुपये मोजायला निघाला असाल तर पाच मिनिटं हे वाचा, मग मागवा नाहीतर नका मागवू.

माझी धाकटी बहीण मनू, पाचवा महिना चालू, सध्या आमच्याकडे डोंबिवलीला आलीय. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, त्यामुळे आमच्याकडे डोहाळे म्हणजे आंबट-चिंबट वगैरे नंतर, आधी मासे. श्रावण आणि गणपती असा दीड महिना कळ काढून झाली आणि आता सुटलोय. डॉक्टरीणबाईंनी मनूला एवढंच सांगितलं होतं की मासे खा, चांगले आहेत, फक्त मोठाले मासे टाळ, त्यात पारा असतो. झालं. घरी आल्यावर बाईसाहेबांनी मोबाईल काढला आणि रात्री दीड वाजेपर्यंत पारा, शिसं, कॅडमियम असं सगळं वाचून काढलं, आणि सकाळी चहाला बसल्यावर जाहीर केलं की आता फक्त टेस्ट केलेलेच मासे खाणार.

तर या कंपनीच्या मासे घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवर "आई-बाळ पॅक" नावाचा प्रकार आहे. १२४९ रुपये. त्यात सुरमईचे तुकडे, रावस, कुपा (ते ट्यूना लिहितात, मराठी माणसाने कुपा म्हटलं की किंमत पडते बहुतेक) आणि कोळंबी सोललेली. वर गुलाबी रंगाचा बिल्ला, त्यावर आई आणि बाळाचं चित्र, खाली लिहिलंय पारामुक्त, शिसंमुक्त, अँटिबायोटिकमुक्त, ओझोन वॉश केलेलं, आणि एक क्यूआर कोड, "तुमचा रिपोर्ट बघा".

डिलिव्हरी, पॅकिंग याबद्दल तक्रार शून्य. सकाळी ७ ते ९ चा स्लॉट घेतला होता, ७.४० ला पोरगा दारात. थर्माकोलचा डबा, जेलचे बर्फ अजून कडक, पाकिटं फुगलेली नाहीत, वास नाही. सुरमईचा तुकडा बोटाने दाबून बघितला तर मांस परत वर येत होतं, मधल्या काट्याजवळ लालसर रक्त, काळं पडलेलं नाही. कोळंबीचा काळा दोरा नीट काढलेला. वजन मी घरच्या काट्यावर करून बघतेच, सवय आहे, नेट ४०० लिहिलेलं पाकीट ३८५ भरलं, चालतं तेवढं. चव म्हणाल तर सुरमई तळली, छान होती. रावसाचं कालवण आईने केलं, तिरफळ घालून, तिने नाक मुरडत खाल्लं पण दोन वाट्या खाल्लं. म्हणजे मासा म्हणून चार स्टार हसत हसत.

पण मी चार स्टार मासा खायला पैसे दिले नव्हते ना, चार स्टार मासा मला बाजारात मावशीकडे मिळतो. मी जास्तीचे पैसे दिले त्या रिपोर्टचे. तर रिपोर्टकडे येऊ.

क्यूआर कोड स्कॅन केला. पीडीएफ उघडली. वर लॅबचं नाव, एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) लोगो, सही-शिक्का, सगळं खरं दिसत होतं आणि खरंच असेल, मी लॅबवर शंका घेत नाहीये. आता बारीक बघा. सॅम्पलचं नाव काय? "मासा (फ्रोझन)". बस. कुठला मासा? सुरमई की मांदेली? लिहिलेलंच नाही. सॅम्पल आल्याची तारीख? माझ्या पाकिटावरच्या पॅकिंगच्या तारखेच्या चौदा महिने आधीची. चौदा महिने! मनूचं लग्न व्हायच्या आधीचा मासा तो. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात, एक ओळ की हे निकाल फक्त लॅबकडे आलेल्या सॅम्पलपुरते आहेत आणि सॅम्पल ग्राहकाने स्वतः आणून दिलेलं आहे. ही ओळ सगळ्याच लॅब टाकतात, त्यात लबाडी काही नाही, उलट प्रामाणिकपणा आहे. पण मग ते पान माझ्या पाकिटाला चिकटवायचं कशाला? शेजाऱ्याच्या ब्लड रिपोर्टवर मी माझी शुगर नॉर्मल म्हणण्यातला प्रकार झाला.

चारही पाकिटांवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, चारही वेळा तीच पीडीएफ. कोळंबीलाही तीच.

बरं, रिपोर्टमधला पाऱ्याचा आकडा काय होता? आकडा नव्हताच. तिथे लिहिलं होतं बीएलक्यू. मनू खूश, म्हणाली बघ ताई, पारा नाहीच. मला पण आधी तेच वाटलं. पण बाजूच्या रकान्यात एलओक्यू म्हणून ०.२५ लिहिलेलं होतं, आणि माझा नवरा औषधांच्या कंपनीत क्वालिटीला आहे, त्याने ते बघून "हं" केलं. त्याचं "हं" म्हणजे काहीतरी लोचा आहे. तर बीएलक्यू म्हणजे "नाही" नव्हे, तर आम्ही ज्या पद्धतीने मोजलं त्यात अमुक आकड्याच्या खालचं आम्हाला खात्रीने सांगता येत नाही. इथे तो अमुक आकडा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम. म्हणजे पारा ०.२४ असला तरी बीएलक्यू आणि ०.०२ असला तरी बीएलक्यूच. बारापट फरक आणि कागदावर दोघांना सेम टू सेम शेरा! घरातल्या धान्याच्या काट्यावर सोन्याची चेन ठेवली आणि काटा हलला नाही म्हणून चेन नाहीच म्हणायचं, तसं.

आता कोणी म्हणेल की सरकारी मर्यादेच्या खाली आहे ना मग झालं. हो, मर्यादेच्या खाली आहे. एफएसएसएआयची पाऱ्याची मर्यादा साध्या माशांना किलोला ०.५ मिलिग्रॅम आणि शिकारी माशांना, म्हणजे शार्क, ट्यूना असल्या दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या मोठ्यांना, १ मिलिग्रॅम. वाचलंत ना, जो मासा जास्त धोक्याचा त्याला दुप्पट सूट, कारण तो मुळातच तसा असतो, कडक मर्यादा लावली तर धंदाच बंद. ही सूट बाजारासाठी आहे, पाचव्या महिन्यातल्या बाईसाठी नाही. तिच्यासाठी हिशोब वेगळा, आठवड्याला अंगात किती गेलं याचा.

तो हिशोब मनूने कालनिर्णयच्या मागच्या पानावर केला, ती अकाउंट्सवाली आहे, तिला चैन पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-शेती संघटना यांच्या तज्ज्ञांच्या समितीने मिथिल पाऱ्यासाठी (माशात पारा बहुतेक याच रूपात असतो) आठवड्याची मर्यादा ठरवलीय, वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, आणि ती पोटातल्या बाळाचा मेंदू डोळ्यासमोर ठेवूनच ठरवलीय. युरोपवाल्यांची त्याहून कडक, १.३. मनूचं वजन ५८. म्हणजे साधारण ९३ मायक्रोग्रॅम आठवड्याला. आता समजा, समजा हं, त्या बीएलक्यू माशात ०.२४ आहे. १५० ग्रॅम खाल्ला तर ३६ मायक्रोग्रॅम. आठवड्यातून तीनदा खाल्ला (पॅकवर लिहिलंयच, आठवड्यातून तीनदा घ्या) तर १०८. गेलो ना वर! आणि माशात समजा ०.०३ असेल तर तीनदा खाऊनही १३.५. म्हणजे रिपोर्ट तोच, शेरा तोच, आणि एक मासा मर्यादा ओलांडतो तर दुसरा तिच्या सहाव्या हिश्शापर्यंतही जात नाही. मग त्या रिपोर्टने मला सांगितलं काय?

आता ती ओझोन वॉशची गंमत. अ‍ॅपवर लिहिलंय की ओझोन वॉशने हेवी मेटल धुऊन निघतात. अहो, पारा काय सुरमईच्या अंगावर पावडरसारखा बसलाय का? तो मांसात असतो, प्रथिनांना घट्ट चिकटलेला. ओझोनने वरचे जंतू मरतील, वास कमी होईल, ठीक. पण मिथिल पारा धुऊन, कातडी काढून, चरबी काढून, हळद-मीठ-आगळ लावून, तळून, उकडून, कशानेही जात नाही. उलट तळला की पाणी उडून जातं, मासा आकसतो आणि पारा तेवढाच राहतो, त्यामुळे तुकड्याच्या वजनाच्या मानाने थोडा वाढतोच. माझ्या आईला हे सांगितल्यावर तिने आगळाची बाटली माझ्याकडे अशी रोखून धरली की जणू मी आगळावरच आरोप केला.

अँटिबायोटिकमुक्तचं पण हसू येतं. समुद्रातल्या सुरमईला अँटिबायोटिक देणार कोण, घोळ मासा डॉक्टर झालाय का? ते तळ्यात पाळलेल्या कोळंबीला विचारायचा प्रश्न, आणि कोळंबी पाळलेली की दर्याची हे नेमकं पाकिटावर नाही.

आणि लोक अजून एक घोळ करतात (मीही करायचे), फॉर्मेलिन आणि हे एकच समजतात. २०१८ च्या जुलैमध्ये गोव्यात फॉर्मेलिनवरून केवढा गदारोळ झाला होता, सरकारने पंधरा दिवस बाहेरचा मासा बंद केला होता, आमच्या म्हापशाच्या काकीने तर महिनाभर नुसती सुकी मासळी काढली. पण फॉर्मेलिन कोणीतरी मागून मारतं, मासा टिकायला. त्याचं तपासायचं किट पण निघालंय, कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काढलेलं, माशावर कागदाची पट्टी घासायची, औषधाचा थेंब टाकायचा आणि रंग बघायचा. पारा कोणी मारत नाही, मासा जिवंत असतानाच त्याच्यात आलेला असतो आणि त्याला किट-बिट नाही, लॅबमध्ये आयसीपी-एमएससारख्या मोठ्या मशीनवरच कळतं. ताजा फडफडीत, डोळे चकचकीत, कल्ले लालभडक, तरीही पारा असू शकतो. म्हणजे आपल्या आयांची सगळी परीक्षा, कल्ला उचलून बघ, पोट दाबून बघ, इथे कामाची नाही.

मग येतो कुठून? कोळसा जाळला की धुरातून, सोन्याच्या खाणकामातून, कारखान्यांतून. पाण्यात गेला की तळाच्या चिखलातले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात, तो बारीक प्लवंगात (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), प्लवंग मांदेली-बांगड्यात, मांदेली-बांगडे सुरमईत, असा वर चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर साठत जातो, कारण बाहेर पडायचा वेग फार कमी. आपल्या अंगातूनही अर्धा बाहेर पडायला साधारण दीड-दोन महिने लागतात. जपानमध्ये मिनामाता म्हणून गाव आहे, तिथल्या चिस्सो कंपनीने वर्षानुवर्षं पारा खाडीत सोडला, १९५६ मध्ये आजार उघड झाला आणि कंपनीने सोडणं बंद केलं १९६८ ला. बारा वर्षांनी! आधी मांजरं नाचल्यासारखी करून मरायला लागली, मग माणसं. यातलं सगळ्यात वाईट म्हणजे काही आयांना फारसं काही झालं नाही आणि त्यांची बाळं जन्मतःच अधू झाली, पारा वारेतून पलीकडे गेला. मनूने हे नेमकं रात्री दीडला वाचलं होतं, तेव्हा तिचं टेन्शन मी समजू शकते. अर्थात तिथे पारा सरळ गटारासारखा सोडला होता, आपल्या ताटातल्या सुरमईची आणि त्याची बरोबरी नाही, उगाच घाबरून मासे बंद करू नका, डॉक्टरच सांगतात की बाळाच्या मेंदूला मासा लागतोच.

तर मुद्दा असा की टेस्टपेक्षा मासा कुठला हे महत्त्वाचं. आणि इथे या पॅकची खरी चूक आहे. आई-बाळ पॅकमध्ये यांनी टाकलंय काय, सुरमई आणि कुपा! दोन्ही शिकारी. महाग दिसायला हवा ना पॅक.

त्यात नावांचा अजून वेगळा गोंधळ. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याची, गरोदर बायकांसाठी यादी आहे, त्यात "अजिबात नको" मध्ये शार्क, तलवार मासा, मार्लिन, मोठ्या डोळ्यांचा ट्यूना वगैरे आहेत आणि किंग मॅकरेल आहे. आपल्याकडे अ‍ॅपवाले सुरमईला बिनधास्त किंग मॅकरेल, किंगफिश काहीही लिहितात. मनूने तो शब्द बघितला आणि किंचाळली. तर अमेरिकेचा किंग मॅकरेल अटलांटिकमधला आहे, त्यातल्या पाऱ्याची सरासरी किलोला ०.७३ मिलिग्रॅम आहे त्यांच्याकडे. आपली सुरमई त्याची चुलत बहीण, तीच नव्हे. पण चुलत बहीण तर आहे, आणि शिकारीच आहे, त्यामुळे वीस इंची सुरमईचा एखादा तुकडा पंधरा दिवसांनी वेगळा आणि पाच-सहा किलोच्या धुडाचे जाड तुकडे आठवड्याला तीनदा वेगळे. पाकिटातले तुकडे माझ्या तळहाताएवढे होते, म्हणजे मासा केवढा असेल बघा.

उलटा गोंधळ रावसचा. अ‍ॅपवर रावस म्हणजे "इंडियन सॅमन". त्या यादीत सॅमन सगळ्यात चांगल्या गटात आहे, म्हणून मनूने आनंदाने टिक केलं. रावस आणि सॅमनचा काडीचा संबंध नाही हो! वेगळंच कूळ. रावस वाईट म्हणत नाहीये मी, पण सॅमनचे मार्क रावसला द्यायचे हे कुठलं गणित. कुप्याचंही तेच, ट्यूना या एका नावाखाली कितीतरी जाती, लहान कुप्याचं वेगळं, खोल समुद्रातल्या मोठ्याचं वेगळं, आणि पाकिटावर नुसतं ट्यूना चंक्स. चंक्सवरून मासा केवढा होता हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

कस्टमर केअरशी चॅट केलं. मी विचारलं, हा रिपोर्ट कुठल्या माशाचा? उत्तर, "मॅम, आमचे सर्व प्रॉडक्ट्स लॅब टेस्टेड आहेत." मी म्हटलं बरोबर, पण हा कुठल्या माशाचा? "मॅम, आमच्याकडे एफएसएसएआय लायसन्स आहे." लायसन्स तर कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडेही आहे, तो चौदा आकडी नंबर म्हणजे धंदा करायची परवानगी, माशाचा रिपोर्ट नव्हे. तिसऱ्यांदा विचारल्यावर ५० रुपयांचं कूपन आलं. रिपोर्ट नाही, कूपन. बरं, तो मुलगा बिचारा सभ्य होता, त्याला तरी काय माहीत, त्यामुळे त्याच्यावर राग नाही.

हां, एक गोष्ट न्यायाने सांगते. रिपोर्टमध्ये आर्सेनिकचा आकडा मात्र स्वच्छ दिलेला होता, किलोला दीड मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तो बघून मनूला परत घाम फुटला. त्यात घाबरायचं काही नाही. समुद्री माशातलं आर्सेनिक बहुतेक सगळं सेंद्रिय रूपात असतं, आर्सेनोबीटेन म्हणतात, ते अंगाला न लागता लघवीतून निघून जातं. आपल्याच नियमात माशाच्या एकूण आर्सेनिकची मर्यादा ७६ आहे, ०.७६ नव्हे, शहात्तर. घातक असतं ते निरिंद्रिय आर्सेनिक, बंगालच्या बोअरवेलच्या पाण्यातलं. पण ही एक ओळ रिपोर्टखाली लिहायला यांना काय झालं होतं? पाऱ्यात आकडा हवा तिथे शेरा आणि आर्सेनिकमध्ये शेरा हवा तिथे नुसता आकडा.

मग मी काय केलं? शनिवारी पिशवी घेतली आणि पश्चिमेच्या मासळी बाजारात आमच्या नेहमीच्या मावशीकडे गेले. मनू पण आली, नाकाला रुमाल लावून. मावशीला म्हटलं, हिला पोटुशीला चालेल असं द्या, पारा नसलेलं. मावशी म्हणाली, "पारा? तो ताप बघायच्या कांडीत असतो ना?" मग मी थोडंफार सांगितलं, मोठा मासा छोट्याला खातो वगैरे, तर ती म्हणाली, "मंग बारका घे ना, बाय. मोठा मासा म्हणजे म्हातारा मासा, म्हाताऱ्याच्या पोटात सगळं असतंय." एका वाक्यात संपवला विषय, मला त्यासाठी एक पीडीएफ आणि नवऱ्याचं "हं" लागलं होतं.

तिने मांदेली दिली, चार बांगडे दिले मध्यम, आणि म्हणाली तारल्या उद्या येतील (आमच्याकडे पेडवे म्हणतात, आईच्या डोळ्यात लगेच पाणी). हे सगळे थोडीच वर्षं जगणारे, साखळीत खालचे मासे, पारा साठवायला वेळच मिळत नाही. बोंबील, कोळंबी पण चालतात. तारलीच्या कुळातल्या सार्डिनची सरासरी त्या अमेरिकन यादीत ०.०१३ आहे, किंग मॅकरेलच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. आणि ओमेगा-३ म्हणाल तर तारली-बांगड्यात भरपूर. सगळं मिळून ३८० रुपये झाले, साफ करून, वर एक मूठ करंदी फुकट.

पण बारका मासा म्हटलं की सगळंच पावन झालं असंही नाही, आणि हे मावशीनेच सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. म्हणाली, "ही दर्याची हाय, ससून डॉकवरनं आणलेली. खाडीचं मी तुला देणार नाय." आम्ही डोंबिवलीकर, कारखान्यांच्या कृपेने २०१४ ला हिरवा पाऊस आणि २०२० ला गुलाबी रस्ता बघितलेले, आम्हाला खाडीचं वेगळं काय सांगायचं. ठाण्याची खाडी, उल्हासची खाडी, माहूलकडचा भाग, इथे पाऱ्याबरोबर शिसं आणि कॅडमियमचाही विचार करायचा. तिसऱ्या, कालवं, शिणाणे हे एका जागी बसून पाणी गाळत खाणारे जीव, आजूबाजूला जे असेल ते आत. त्यामुळे तिसऱ्या कुठल्या हे विचारल्याशिवाय पोटुशीला देऊ नका. माकूल (स्क्विड) साफ करताना पोटातलं सगळं नीट काढायचं, कॅडमियम तिथे जमतं, मांसात कमी. कुर्ल्यांचंही तेच, पाठीत जो तपकिरी लगदा असतो त्यात जास्त. लाख (अंडी) वेगळी, लगदा वेगळा, आणि आमच्याकडे लोक लगदा बोटाने चाटूनपुसून खातात. आईला सांगितलं तर म्हणाली, "आमी लहानपणापासून ह्याच खातव, काय झाला आमका?" यावर माझ्याकडे उत्तर नाही, ती ७१ वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा भरभर जिने चढते.

खरं भांडण पुढे आहे. आमच्याकडे बाळंतिणीला मोरी देतात, दूध यावं म्हणून, सुकं करून, भरपूर मिरी आणि लसूण घालून. आईने आत्तापासून वेंगुर्ल्याला फोन करून ठेवलाय. आणि मोरी म्हणजे शार्क, त्या "अजिबात नको" यादीतलाच. मिथिल पारा दुधातूनही थोडा उतरतो. आई म्हणते पिल्लू असतं ते, बारकं. बरोबर, हातभर लांबीच्या मोरीत मोठ्या शार्कएवढा नसणार, पण आम्ही डॉक्टरीणबाईंना विचारणार आहोत आणि त्या जे म्हणतील ते आईला सांगायचं काम माझ्या नवऱ्याचं, जावयाचं ती ऐकते.

तर रेटिंग. पॅकिंग आणि वेळ, ५ पैकी ५. ताजेपणा ४. किमतीला २. "आई-बाळ" या नावाला १, आणि तो एक पण कोळंबीसाठी. त्यांनी एवढं केलं तरी मी परत येईन: रिपोर्टवर माशाचं नाव, आख्खा मासा किती किलोचा होता ते वजन, महिना, आणि पाऱ्याचा खरा आकडा, शेरा नको. आणि पॅकमधून सुरमई-कुपा काढून बांगडा-तारली टाका, स्वस्त पडेल, मग गुलाबी बिल्ला लावा खुशाल. आम्हा बाकीच्यांना, ज्यांच्या पोटात फक्त मासाच आहे, त्यांना सुरमई हवी असेल तर मागवा, मासा उत्तम आहे म्हटलं ना.

अपडेट, अकरा दिवसांनी: त्यांचा मेसेज आला, "मॅम, तुमच्या फीडबॅकनुसार नवीन रिपोर्ट अपलोड केला आहे." लगेच उघडला. तारीख गेल्या महिन्यातली, पाऱ्यासमोर चक्क आकडा, आणि माशाचं नावही लिहिलंय यावेळी. बासा. तळ्यात पाळलेला, गोड्या पाण्यातला. पॅकमध्ये नाहीच आहे.